ट्रंकेतली राणी

विलेपार्ल्यात जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करण्याची मुदत ठरली, की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पन्नास-साठ वर्षांनी खाली येते. आत चोपडे, हुंड्या, पत्रांची बासने आणि कुणा आजोबांनी हौसेने चिकटवलेला तिकिटांचा आल्बम असतो. सामान नेणारा टेम्पो दाराशी उभा असल्यामुळे तिचा निर्णय दहा मिनिटांत होतो. आल्बम मुलांच्या वाट्याला येतो आणि पत्रे रद्दीत जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम नेमका उलटा आहे.

आल्बमविषयीचा एक गोड गैरसमज आधी दूर करावा. जगातील पहिले टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये निघाले. ते आपल्या ट्रंकेत सापडेल आणि घराचे कर्ज फिटेल, अशी आशा पुष्कळांना असते. परंतु त्याच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या होत्या, आणि इकडच्या व्यापारी घराण्याच्या पत्रव्यवहारात ते येण्याचे कारणही फारसे नव्हते. (त्या तिकिटांच्या पाठीचा डिंक मुख्यतः बटाट्याच्या स्टार्चपासून केलेला असे. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते जिभेने ओले करावे लागले नाही, हे एका परीने बरेच झाले!)

आपल्या ट्रंकेशी खरा संबंध आहे तो हिंदुस्थानच्या तिकिटांचा. त्यांचा आरंभ तत्कालीन मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंध प्रांतात झाला. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी ‘सिंदे डाक’ची तिकिटे चालू केली. आशियातील ही पहिली टपाल तिकिटे होत. लाखेच्या लाल चकतीवर उमटवलेले ते नाजूक तिकीट हाताळताना तुटत असे. म्हणून पुढे कागदावरील पांढरी व निळी तिकिटे आली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले.

१ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या देशासाठी एकच व्यवस्था लागू झाली. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. मग ते पत्र सुरतेला जावो की कलकत्त्याला. अंतराप्रमाणे वाढणारा आकार संपला. पेढी मुंबईत आणि कुटुंब काठेवाडात वा मारवाडात, अशा आपल्या समाजाला या एका नियमाने किती दिलासा दिला असेल, हे त्या काळच्या पत्रांच्या जाडीवरून ताडता येते. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि हात आखडता घेणाऱ्यांचीही अडचण सरली.

जुने तिकीट ओळखण्याच्या काही खुणा घरच्या घरी पाहता येतात. राणी व्हिक्टोरियाच्या चित्राभोवती ‘ईस्ट इंडिया’ असे शब्द असतील, तर ते तिकीट साधारणतः १८८२ पूर्वीच्या छपाईचे. नुसते ‘इंडिया’ असेल, तर त्यानंतरचे. तिकीट काळ्या पाटीवर उपडे ठेवले, की कागदातील जलचिन्ह दिसू शकते: १८६५ पासून हत्तीचे मस्तक, १८८२ पासून तारा. लंडनच्या डी ला रू कंपनीकडील छपाई पुढे नाशिकला आली. तेथील सरकारी छापखाना १९२५ चा. पंचम जॉर्जची पुष्कळ तिकिटे त्यामुळे आपल्या महाराष्ट्रातच छापलेली आहेत. ती कोट्यवधींनी निघाली आणि आज त्यांची किंमत बहुधा किरकोळच असते.

मात्र तेच तिकीट मूळ पाकिटावर असेल, तर गोष्ट वेगळी होते. पाठवणाऱ्या गावाचा शिक्का, पोहोचल्याचा शिक्का, तारीख, पत्ता, मोडी वा गुजराती हस्ताक्षर असा सगळा प्रवास तेथे शाबूत असतो. कात्रीने तिकीट कापून घेतले, की हे सारे संपते. काठेवाडी कुटुंबांनी तर अधिक डोळसपणे पाहावे. जुनागढ संस्थानाची, म्हणजे सोरठची, स्वतःची तिकिटे १८६४ पासून होती. १९२९ च्या मालिकेवर गीरचा सिंह आणि काठी घोडा आहे.

आपल्या समाजाचा पत्रांशी असलेला संबंध टपाल खात्याहून जुना आहे. चातुर्मासासाठी आचार्यांना विनंती करणारी सचित्र विज्ञप्तिपत्रे संघांकडून जात असत. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठवलेले, चित्रकार शालिवाहनाने रंगवलेले पत्र प्रसिद्धच आहे. संवत्सरीनंतर दूरच्या आप्तांना धाडलेले ‘मिच्छामि दुक्कडम्’चे पोस्टकार्ड ही त्याच परंपरेची एका पैशातली शाखा. ट्रंकेत असे एखादे कार्ड मिळाले, तर ते कोणी कोणाला, कोणत्या वर्षी लिहिले, एवढे तरी घरातील वृद्धांकडून वेळीच वदवून घ्यावे.

परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या श्रावकाने संग्रह करावा का, हा प्रश्न येथे उचित आहे. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत पाहिले आहे. ही कसोटी लावली, तर सुटी तिकिटे शाळकरी मुलांना खुशाल वाटून टाकावीत. कुटुंबाची अखंड पत्रे मात्र ठेवावीत, कारण त्यांचे आपण केवळ राखणदार असतो.

राखण मात्र सोपी नव्हे. पार्ल्याच्या पावसाळ्यात कागदावर तपकिरी डाग पडतात, बुरशी धरते, कसर लागते. डांबराच्या गोळ्या कसरीचा जीव घेतात; आपल्या ज्ञानभांडारांत त्याऐवजी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याचा प्रघात आहे, जेणेकरून कीटक मुळात जवळच येत नाहीत. पुरचुंडी कागदाला चिकटू देऊ नये. प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी टाळावी. तिकीट बोटांनी नव्हे, चिमट्याने उचलावे. पावसाळा संपल्यावर पोथ्यांना हवा देण्यासाठी परंपरेने ज्ञानपंचमीचा दिवस नेमून दिलेलाच आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला पोथ्यांबरोबर ती पत्रेही सावलीत, पांढऱ्या कापडावर, तासभर उलगडून ठेवावीत.