बांधाच्या दोन्ही बाजूंनी

मीरा-भाईंदर म्हटले की डोळ्यांपुढे उंच इमारती आणि लोकलची गर्दी येते, आणि ते खोटे नाही. 1991च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसे होती. 2011मध्ये ती आठ लाखांवर गेली. अशा शहरात शेतकऱ्यांचे गाव शोधायला कुणी जात नाही. पण भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरावी. मुर्धे, रई, मोर्वा ही आगरी गावे लागली की रस्त्याच्या कडेला सपाट जमीन पसरू लागते. कुठे भाताची खाचरे, कुठे मिठागर, कुठे नुसतेच खाजण. पुढे डोंगरी, तारोडी, चौक, पाली आणि टोकाला उत्तनचा समुद्र. ही सगळी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत, घरपट्टीची बिले तिथूनच येतात. वर्ष मात्र अजूनही पाऊस आणि भरती यांच्या हिशेबाने चालते.

या पट्ट्यात सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी बांध म्हणेन. चर्चही जुनी आहेत, किल्लाही आहे, पण बांध नसता तर इथे गावच वसले नसते. खाडीचा चिखल कापून, थरावर थर रचून, समुद्राच्या बाजूला दगड बसवून केलेला हा मातीचा कठडा दिसायला अगदी साधा असतो. त्याच्या आतल्या जमिनीची पातळी मोठ्या भरतीच्या पाण्याखाली असते. म्हणजे रोज दोनदा समुद्र आत यायला निघतो आणि रोज दोनदा बांध त्याला अडवतो. बांधात जागोजागी उघाड्या असतात. पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर जाते, आणि भरतीचे पाणी चढले की तिचे दार मिटते. बांधाचा खरा शत्रू लाट नसते, खेकडा असतो. त्याने पोखरलेल्या बिळातून पाणी झिरपायला लागते, माती सैल होते, आणि उधाणाच्या एखाद्या रात्री खांड पडते. एकदा खांड पडली की दुसऱ्या दिवशीच्या भरतीला ती दुप्पट रुंद होते. म्हणून पूर्वी खांड पडल्याचे कळले की शेत कुणाचे हे न विचारता माणसे फावडी घेऊन निघत.

खाऱ्या जमिनीत भात पिकवणे हे नेमक्या वेळेचे काम आहे. उन्हाळ्यात जमिनीतला खार वर चढतो आणि पृष्ठभागावर पांढरी पापडी धरते. जूनच्या पहिल्या जोरदार सरींनी ती धुऊन खाली बसते. मग खाचरात गोड्या पाण्याचा थर सतत उभा ठेवावा लागतो. त्याच्या दाबाने खार खालीच राहतो आणि रोपाची मुळे वरच्या थरात जगतात. पावसाने मध्येच दडी मारली की खार पुन्हा वर येतो आणि पाती टोकाकडून करपत जातात. राता जातीचे तांबडे भात अशा जमिनीसाठी कोकणात पिढ्यानपिढ्या राखलेले आहे, आणि पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून पनवेल नावाने क्षार सोसणारी वाणे निघाली. पीक मात्र वर्षाला एकच. पाऊस संपला की खारात दुसरे धान्य होत नाही; डोंगरी-उत्तनकडे विहिरीचे गोडे पाणी असलेल्या वाड्यांतच भाजीपाला होतो. कापणी झाल्यावर खाजणात निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी सापडते आणि चुलीवरच्या कालवणाची सोय होते.

बांधाच्या ज्या बाजूला समुद्र नको, तिथे भात. ज्या बाजूला तो हवा, तिथे मीठ. मिठागरात हीच विद्या उलटी वापरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दार उघडून पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचे, आणि मग एकापेक्षा एक उथळ कप्प्यांतून उन्हावर पुढे सरकवत न्यायचे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते आटून आटून शेवटच्या कप्प्यात पोहोचते तेव्हा इतके दाट होते की मीठ खडे धरू लागते. तेही एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे मॅग्नेशियमचे कडू क्षार उतरतात, म्हणून उरलेले पाणी वेळेवर सोडून द्यावे लागते. या कप्प्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून टणक केलेली असते, नाहीतर मिठात चिखल येतो. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढायचे, कडेला ढीग करायचा, डोक्यावरून वाहायचे. मार्च ते मे हा ऐन हंगाम, म्हणजे ऊनही तेव्हाच सर्वांत कडक. खालून खारे पाणी आणि वरून पांढऱ्या मिठावरून परतणारा उजेड यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या पायांची कातडी आणि डोळे दोन्ही बिघडतात. किलोला काही रुपये देऊन आपण जे विकत घेतो, त्यात ही झीज धरलेली नसते.

बांध कोण राखतो, यावर जमीन कुणाची हे ठरले, असा या भागाचा इतिहास आहे. 1870मध्ये ब्रिटिश सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर ही गावे रामचंद्र लक्ष्मणजी यांना 999 वर्षांच्या कराराने दिली. बोली अशी, की समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांनी बांध घालावेत आणि राखावेत. बदल्यात शेतकऱ्यांच्या पिकात त्यांचा वाटा. 1945मध्ये हा हक्क एका कंपनीकडे गेला. 1951च्या कायद्याने साष्टीतल्या अशा जुन्या इस्टेटींच्या सवलती संपवल्या, तरी कागदावरचा दावा जिवंत राहिला आणि जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर त्याचे वाद आपल्या काळापर्यंत चालत आले. हॉलंडमध्येही समुद्राखालची जमीन बांध घालूनच राखलेली आहे. तिथे तेराव्या शतकापासून बांध सांभाळणारी पाणीमंडळे आहेत, आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. बांधासाठी जो पैसा देतो त्याला तिथे मत मिळाले. आपल्याकडे शेत कसणाऱ्यांनी वाटा दिला, आणि त्यांचे मत कुणी विचारलेच नाही. मला ही या गावांच्या कहाणीतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

डोंगरीपासून पुढे गाव बदलते. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची ही वस्ती. हे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1887मध्ये, मुंबईत त्यांची संघटना स्थापन झाली. चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारी ही जागा 1739मध्ये मराठ्यांनी घेतली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. धर्म बदलला, राज्ये बदलली, तरी नांगर बदलला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे आगेरा साजरा होतो: नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा आणि मगच नवे धान्य तोंडी लावायचे. पलीकडे आगऱ्यांच्या घरी नवान्नाची भावना हीच. लग्नात इकडे उंबराचे पाणी आणायला वाजंत्री निघतात, तिकडे धवलारीण धवले गाते. फुगे तळायचे असले तर पिठाला ताडीने आंबवणारी घरे अजून आहेत.

उत्तनच्या किनाऱ्यावर मात्र सत्ता मासळीची. इथली मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. पिशवीसारखे हे जाळे समुद्रात ठाण मांडून राहते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासा आपण होऊन त्यात येतो. त्यामुळे उधाण असेल तेव्हा काम, ओढ मंदावते त्या भांगेच्या दिवसांत जाळी दुरुस्ती. बोंबील हा इथला राजा. त्याच्या अंगात नऊ दशांशाच्या आसपास पाणीच असल्याने तो टिकत नाही, म्हणून वाळवणे आले. बांबूंच्या उंच वलांड्यांवर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. हे काम बायकांचे, विक्रीही त्यांचीच, आणि घरातला रोख पैसाही बहुधा त्यांच्याच हातात. ढग दिसला की सगळ्या गल्लीची धावपळ होते. मिठागरवाला आणि बोंबील वाळवणारी, दोघांनाही अवकाळी पावसाची धास्ती सारखीच.

1985मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, मग उत्तन-डोंगरीकडची गावे तिला जोडली गेली, आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर येऊ लागला आणि तिथल्या धुराबद्दल, दुर्गंधीबद्दल गावाने वर्षानुवर्षे लढा दिला. दहिसरहून येणाऱ्या मेट्रो 9ची कारशेड आधी रई-मुर्धे-मोर्व्याच्या जमिनीवर आखली होती; गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे सरकली, आणि तिथे हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. एका गावाने शेत वाचवले की दुसऱ्या गावाचा डोंगर पुढे येतो, ही वाटणी मला मान्य होत नाही.

याहून गुपचूप होणारे नुकसान भरणीचे आहे. शेजारच्या भूखंडावर ट्रकांनी माती पडते, तो दोन-तीन फूट उंच होतो, नाला चिंचोळा होतो, आणि उघाडीकडे जाणारे पावसाचे पाणी मधल्या शेतात तुंबते. भात कुजते. सलग दोन-तीन वर्षे पीक गेले की मालक बांधाकडे पाहणे सोडतो. खांड पडते, भरती आत येते आणि तिच्याबरोबर तिवरांच्या शेंगाही. काही वर्षांत शेताचे तिवरवन होते. तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2005पासून मनाई केली आहे आणि ती योग्यच आहे; तिवरे नसतील तर किनारा उघडा पडेल. पण ज्याचे शेत दुसऱ्याच्या भरणीमुळे बुडाले, त्याला ते परत कसे मिळायचे, याचे उत्तर त्या मनाईत नाही.

शेतीच्या खार बांधांसाठी राज्याचे खारभूमी खाते आहे, मिठागरांसाठी केंद्राचे मीठ आयुक्त, नाल्यांसाठी महानगरपालिका. पाणी मात्र एकच, आणि ते एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत न विचारता जाते. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईचा गाजावाजा होतो, तेव्हाच उघाड्यांची दारे, बांधातली बिळे आणि भरणीने बुजलेले ओहोळ तपासायला या तिन्ही खात्यांची माणसे एकत्र बांधावर चालायला हवीत. बरोबर मुर्ध्याचा एखादा शेतकरी न्यावा. कुठून पाणी झिरपते हे त्याला ठाऊक असते.