ओढगस्तीत मदतीला कात्री नको

सरकारी तिजोरीला ओहोटी लागली की पहिली कात्री कल्याणकारी योजनांवर चालवावी, असे सांगणारे लोक प्रत्येक मंदीत पुढे येतात. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ हा त्यांचा रोखठोक सवाल. सवाल गैर नाही. परंतु त्यातून ते काढीत असलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाही.

गोव्याचाच अनुभव पाहावा. 2012 साली गृहआधार योजना आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 2018 च्या मार्चमध्ये त्या पुन्हा थांबल्या. 2020 मध्ये महामारीने पर्यटनही ठप्प केले. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील ट्रकमालक, बार्जवरील खलाशी, गॅरेजवाले, खाणावळवाले या सर्वांची मिळकत आटली, तसे सरकारचे स्वामित्वधनही आटले. तिजोरी रिती होण्याची आणि घरोघरी गरज वाढण्याची वेळ एकच असते, हा खरा पेच आहे.

मिळकत घटली की गृहस्थ खर्च आवरतो, हे शहाणपणच होय. शासनाचा व्यवहार मात्र निराळा. निराधार वृद्धेला मिळणारी रक्कम त्याच आठवड्यात गावच्या वाण्याकडे, औषधांच्या दुकानात आणि मासळीवालीच्या पाटीत पोहोचते. ती थांबली की तिच्याबरोबर वाण्याचाही धंदा बसतो. 2020-21 मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीच्या 61,500 कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी 40,000 कोटींची भर घातली, ती उगाच नव्हे. परंतु केंद्राइतकी कर्ज काढण्याची मोकळीक राज्यांना नाही. राज्यांनी म्हणूनच सुगीच्या वर्षांत आड भरून ठेवला पाहिजे.

याचा धडा शेजारी सापडतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात राज्यभर नेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. तिच्यासाठी पगारदार व व्यावसायिकांवर 1975 पासून व्यवसाय कर बसवला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर शासनाने घालण्याचा दंडक ठेवला. गोव्यातही खनिजविक्रीच्या रकमेचा 10 टक्के हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या एप्रिलमध्ये दिला. तो निधी मासिक मदतीसाठी नाही. पण त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते.

भरभराटीच्या वर्षांतील महसुलाचा ठरावीक वाटा कायद्याने बाजूला काढावा, तो केवळ ओढगस्तीतच वापरावा, आणि ज्यांना गरज नाही त्यांची नावे यादीतून वगळण्याचे धैर्य निवडणुकीच्या तोंडावरही दाखवावे, असे आम्हांस वाटते. मदत महिनोन्महिने लांबवणाऱ्या शासनाने आपण काटकसर केली असे मानू नये. ते गरिबाकडूनच बिनव्याजी उसनवारी करीत असते.