मध्यम शहरांचे अर्थकारण : म्हैसूरचा धडा

नागरीकरणाची चर्चा बहुधा महानगरांभोवतीच फिरते. महानगर आणि खेडे यांच्यामधील मध्यम शहरांकडे नियोजनकर्त्यांचे लक्ष उशिरा जाते. वस्तुतः रोजगार, शिक्षण व आरोग्याच्या सोयी आणि लहान गावातील स्वस्थता यांचा मेळ अशाच शहरांत बसू शकतो. कर्नाटकातील म्हैसूर (२०१४ पासून अधिकृत नाव ‘मैसूरु’) हे त्याचे ठळक उदाहरण होय. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. २०११ मध्ये ती नऊ लाखांच्या घरात गेली.

नियोजनाचा वारसा

म्हैसूरचे देखणेपण हा योगायोग नाही. १८९७ च्या आगीत जुना राजवाडा जळाला आणि नवा १९१२ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान, १९०३ मध्ये संस्थानने नगर सुधारणा मंडळ स्थापन केले. रुंद रस्ते, चौक, उद्याने आणि आखीव वसाहती यांचा पाया त्या काळात घातला गेला. त्याबरोबरच उत्पन्नाची साधनेही उभी राहिली : १९१२ मध्ये रेशीम कारखाना, १९१६ मध्ये विद्यापीठ आणि १९३७ मध्ये रंग व वार्निशचा कारखाना. मतदाराच्या बोटावरील शाई याच कारखान्यात तयार होते. म्हणूनच हे शहर केवळ पर्यटनावर विसंबून राहिले नाही.

पाहुणा आणि रहिवासी

पर्यटक राजवाडा, चामुंडी टेकडी आणि दसऱ्याची मिरवणूक पाहण्यासाठी येतो. देवराज बाजारातील मोगरा, विड्याची पाने आणि कुंकवाच्या राशी त्याला मोहवतात. रहिवाशाच्या दृष्टीने मात्र तो रोजचा भाजीबाजार असतो. शहराचा हा जिवंतपणा कोणी तिकीट लावून विकत नाही. तरी त्याचा लाभ हॉटेल व वाहतूक व्यवसायाला मिळतो. कचरा, पाणी आणि वाहनतळ यांचा भार मात्र महानगरपालिकेवर पडतो. स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत २०१५ व २०१६ मध्ये म्हैसूर प्रथम आले, हे या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत चित्र इतके समाधानकारक नाही. २०१२ मध्ये लॅन्सडाऊन इमारतीचा भाग कोसळून जीवितहानी झाली. २०१६ मध्ये देवराज बाजाराचाही काही भाग ढासळला. लाभ अनेकांचा, पण देखभालीची जबाबदारी कोणा एकाची नाही, अशा सार्वजनिक संपत्तीची हीच गत होते.

पुढील दिशा

२०२३ मध्ये बंगळूरु-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे १४० किलोमीटरवरील महानगर आता अधिक जवळ आले आहे. अशा जोडणीमुळे रोजगार वाढतो, तशी जमिनीची मागणीही वाढते; तलाव, मोकळ्या जागा आणि जुन्या पेठांवर त्याचा दाब येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचनेचे काम नागरी संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग खुला केला, परंतु पुरेशा महसुलाशिवाय हा अधिकार कागदावरच राहतो. पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित वाटा महानगरपालिकेला मिळाला आणि त्यातून वारसा वास्तूंच्या डागडुजीसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला, तर बाजारातील विक्रेत्याचा गाळा आणि पाहुण्याचे आकर्षण ही दोन्ही टिकतील. एकदा पाडलेली पेठ नंतर कितीही निधी ओतला तरी पुन्हा वसत नाही.