दाण्यातलं झिंक आणि एकराचा हिशोब

आज आपण झिंकयुक्त भाताचा हिशोब मांडू. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान ४५’ हा वाण २०१६ चा. नेहमीच्या पॉलिश तांदळात किलोमागे १२ ते १६ मिलिग्रॅम झिंक असतं, यात २२.६. पण हमीभावात झिंकला वेगळा पैसा नाही. साधारण भाताला २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये, झिंक असो वा नसो.

आता पेण-अलिबागच्या खारजमिनीत येऊ. समजा, एकरी दहा क्विंटल भात पिकतं आणि नवा वाण तिथे एक क्विंटल कमी देतो. म्हणजे २,३६९ रुपये गेले. ही झळ लहान शेतकऱ्याने का सोसावी? तो खारेपणा सोसणारा ‘पनवेल ३’ सारखा वाणच लावणार, आणि त्याचं बरोबरच आहे.

मग वाट कोणती? २०१२ साली महाराष्ट्रात आलेली ‘धनशक्ती’ बाजरी बघा. शेतकऱ्यांच्या ओळखीच्या वाणातच लोह वाढवलं, उतारा घटला नाही, बियाणंही घरचं ठेवता येतं. खारपट्ट्यातही झिंक तिथल्याच वाणात यायला हवं. घरचंच भात खाणाऱ्या कुटुंबाला मग जास्तीचं झिंक फुकट मिळेल.