जलविद्राव्य कोळसाचित्रण

कोळशाची भुकटी डिंकासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या बंधकद्रव्यात मळून तयार केलेल्या कांड्या, पेन्सिली, ठोकळे किंवा लगदा यांच्या साहाय्याने करावयाचे आरेखन व रंगलेपन. ‘जलविद्राव्य’ ही संज्ञा रूढ असली, तरी ती काटेकोर नव्हे. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन आणि तो पाण्यात विरघळत नाही. विरघळतो तो डिंक. ओला कुंचला फिरविताच डिंकाची पकड सुटते, कोळशाचे कण पाण्यात तरंगू लागतात आणि पाणी आटल्यावर तोच डिंक त्यांना पुन्हा कागदाशी जखडतो. या माध्यमाचे बहुतेक गुणदोष ह्या एकाच गोष्टीतून उद्‌भवतात.

साध्या कोळशाची मूळ अडचण त्याच्या सुटेपणाची आहे. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात विलोच्या काटक्या मातीने लिंपलेल्या भांड्यात बंद करून पाववाल्याच्या भट्टीत रात्रभर ठेवण्याची कृती दिली आहे. अशा कांडीत बंधकद्रव्य नसते. म्हणून तिची रेघ पिसानेही झटकता येते. कच्च्या आराखड्याला ही सोय, पण टिकाऊ चित्राला तोच दोष. व्हेनिसचा तिंतोरेत्तो कांड्या जवसाच्या तेलात भिजवून वापरी. रेघ पक्की होई, मात्र कालांतराने तिच्याभोवती कागदावर तपकिरी डाग पसरे. एकोणिसाव्या शतकात मद्यार्कात विरघळविलेल्या लाखेचा स्थिरक म्हणून वापर वाढला. फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रदाँ (१८४०–१९१६) याने आपल्या कृष्णचित्रांत कोळसा घासणे, पुसणे व खरवडणे यांबरोबरच ओल्या कुंचल्याचाही उपयोग केला. डिंकयुक्त कोळशाने हाच मार्ग सुलभ केला.

पाण्यात कालविलेला कोळसा शाईसारखा दिसत असला, तरी शाईसारखा वागत नाही. चिनी शाईतील काजळीचे कण अतिसूक्ष्म असतात आणि कागदाच्या तंतूंत शिरतात. कोळशाचे कण तुलनेने मोठे व कंगोरेदार असून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत मूळ लाकडाची पेशीरचना ओळखता येते. ते कागदाच्या खळग्यांत साचतात व त्यामुळे पातळ लेपाला रवाळ पोत येतो. धुके, पावसाळी आकाश, जुन्या भिंती यांच्या चित्रणास तो विशेष अनुकूल ठरतो. जलविद्राव्य ग्रॅफाइटला असते तशी धातुसदृश चकाकी याला नसते. काळा रंग मखमली व निस्तेज राहतो.

चित्रणासाठी दर चौ. मी. ला सु. ३०० ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद योग्य. पातळ कागद भिजून सुरकुततो. प्रथम कोरडे रेखन करून त्यावर कुंचला फिरवावा किंवा ठोकळ्यावरून ओल्या कुंचल्यानेच रंग उचलावा. ओला लेप वाळल्यावर फिकट होतो, हे नवशिक्याच्या उशिरा ध्यानी येते. दुसरा हात देताना खालचा थर पुन्हा सुटतो. कुंचला रेंगाळला की, छटा मळकट होतात. ओला झालेला भाग कोरड्या कोळशाइतका सहज खोडला जात नाही, म्हणून उजळ जागा कागदाच्या पांढरेपणातच राखणे श्रेयस्कर. लेप पूर्ण वाळल्यावर त्यावर कोरड्या कांडीने गडद रेषा काढता येतात व हाच या तंत्राचा सर्वांत परिणामकारक भाग होय.

कार्बन प्रकाशाने विटत नाही. धोका असतो तो ओलाव्यापासून. डिंक आर्द्रता शोषतो व बुरशीला पोषक ठरतो. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने अशा चित्रांना विशेष जपावे लागते. डिंक मद्यार्कात विरघळत नसल्याने मद्यार्कयुक्त स्थिरक हलक्या फवाऱ्याने देणे इष्ट. जलयुक्त स्थिरकाने लेप हलण्याचा संभव असतो. चौकट करताना चित्र व काच यांमध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून अंतर ठेवतात, अन्यथा काचेवर साचलेल्या दमटपणाने चित्र तिला चिकटते.