दोन खंजीर आणि एक टोपी

देनारियस हे रोमचं चांदीचं नाणं बोटाच्या पेरावर मावतं. इ.स.पूर्व 211 च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध ऐन भरात असताना, ते पाडायला सुरुवात झाली. ऐरणीत एक ठसा, त्यावर चांदीची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. हातच्या कामामुळे कुठे चित्र मध्यावरून सरकतं, कुठे अक्षरं कडेबाहेर जातात. मला ही नाणी आवडतात ती त्यामुळेच.

सुरुवातीला दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे घोडे फेकत निघालेले कॅस्टर-पोलक्स हे जुळे असत. पुढे टाकसाळीचे तरुण अधिकारी नाण्यांवर आपापल्या घराण्याचा बडेजाव मिरवू लागले. तरी जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीने कधी छापला नव्हता. इ.स.पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरचा छापला गेला. डोक्यावर पानांचा मुकुट, मानेवर सुरकुत्या आणि भोवती ‘तहहयात हुकूमशहा’ अशी अक्षरं. काही आठवड्यांतच त्याचा खून झाला.

खुन्यांपैकी ब्रूटसने फौजेबरोबरच्या टाकसाळीत स्वतःचं नाणं पाडलं. मागच्या बाजूला मधोमध टोपी आहे, गुलामगिरीतून सुटलेल्याला मिळायची ती. दोन्ही अंगांना दोन खंजीर, त्यांच्या मुठीही वेगवेगळ्या. खाली 15 मार्च, खुनाची तारीख. दोन सेंटिमीटरहून कमी जागेत एवढं धारदार राजकीय विधान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण पुढच्या बाजूला चेहरा ब्रूटसचाच! सीझरने पाडलेला पायंडा त्याच्या मारेकऱ्यालाही मोडवला नाही.

सम्राटांनी तो पायंडा पक्का केला. मात्र इ.स. 64 च्या सुमारास नीरोने नाण्याचं वजन घटवलं, चांदीत भेसळ वाढवली. तिसऱ्या शतकात तर चांदी नावालाच उरली.

आपल्याकडचे व्यापारी चेहऱ्यापेक्षा कसाला मान देत. पैठणचा अकीक आणि तेरचं कापड गाड्यांतून भडोचला जाई. तिथे रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून घेण्यात नफा होता, असं ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. दक्षिण भारतात जमिनीतून निघालेल्या देनारियसांत बहुसंख्य नाणी ऑगस्टस आणि टायबेरियस यांची आहेत, म्हणजे नीरोच्या भेसळीआधीची.