शेड जुनी, प्रदर्शन नवं

गोरेगावच्या नेस्को मैदानावर पूर्वी न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी यंत्रं बनवायची. पुढे कारखान्याच्या शेडमध्येच प्रदर्शनं भरू लागली आणि त्यातून आजचं बॉम्बे एक्झिबिशन सेंटर वाढत गेलं. 2020 मध्ये तिथेच कोविड केंद्रही उभं राहिलं. मधे खांब नाहीत, छप्पर उंच, ट्रक थेट आत शिरेल एवढं दार: कारखान्याला जे लागतं तेच प्रदर्शनालाही लागतं.

सफाळे-पालघर-बोईसर पट्ट्यात असं केंद्र व्हायचं असेल, तर भातखाचरावर भराव घालण्याआधी तारापूर एमआयडीसीतल्या रिकाम्या शेड बघाव्यात. कारण रसायनशास्त्राचं आहे: नव्या इमारतीला पोलाद आणि सिमेंट लागतं. खनिजातून लोखंड काढताना कोक त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. टनभर पोलादामागे सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सिमेंटसाठी भट्टीत चुनखडी तापवली की दगडातूनच हा वायू सुटतो, मग भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवा. नव्या इमारतीवर सौर पॅनेल बसवले तरी हे कार्बनचं कर्ज फिटायला वर्षं लागतात. उभ्या शेडचं कर्ज मात्र कधीच हवेत जाऊन बसलंय, ते पुन्हा काढावं लागत नाही. अर्थात रसायनांच्या कारखान्याची शेड घ्यायची तर आधी तिथली माती तपासायची. त्यात हयगय नको.

खरी कसोटी आपल्या दमट हवेची. बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता सोडतो, म्हणजे 2,000 माणसांची 200 किलोवॉट. वर हवेतलं बाष्प. बाष्पाचं एक लिटर पाणी करायला एसीला जवळजवळ 0.7 युनिट उष्णता बाहेर फेकावी लागते. नागपूरला चालणारा कूलर किनाऱ्यावर हात टेकतो तो याच बाष्पामुळे. म्हणून उंच शेड वरपासून खालपर्यंत थंड करायचीच नाही. गार हवा जमिनीलगत हळूहळू सोडायची, माणसं असतात तेवढाच थर गार ठेवायचा. गरम हवा वर चढते आणि छपराच्या झरोक्यांतून निघून जाते.

आता पाऊस. 5,000 चौरस मीटर छपरावर 2,000 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 कोटी लिटर पाणी. पण ते येतं चार महिन्यांत आणि प्रदर्शनांचा हंगाम दिवाळीनंतरचा. एवढी टाकी बांधणं हा वेडेपणा. पहिल्या सरींचं पाणी सोडून देऊन बाकीचं गाळून जमिनीत मुरवणं शहाणपणाचं. केळव्यासारख्या रेताड किनाऱ्यावर तर याचा दुहेरी फायदा: खारं पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड, त्यामुळे भूजल समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर राहिलं, तर त्याखाली सुमारे 40 मीटरपर्यंत ते खाऱ्या पाण्याला थोपवून धरतं. तिथल्या पानवेलीवाल्यांना हे गणित न शिकवताही कळतं.

राहिला पैसा. बाहेरून येणारा माणूस लोकलने आला की कार्बनही वाचतो आणि स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला, वडापाववालाही कमावतो. गाडीने आला तर तो जेवून थेट हायवेला लागतो. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, म्हणून जागा स्टेशनजवळची किंवा तिथून बस सुटेल अशी हवी. आणि जेवणाचं कंत्राट देताना अट एकच: तांदूळ वाडा कोलम, चिकू डहाणूचा, भाजी सफाळ्याच्या बायकांकडून.